पाकिमकिमची वही आणि ७२ तास : फिलिपाइन्समधील एका आईचे प्रकरण

प्रकरणाविषयी

महानगर मनिलाच्या उत्तरेकडील एका मासळीबंदराजवळच्या वस्तीत फेब्रुवारी २०१९ मध्ये घडलेली ही घटना आहे. प्रकरणाच्या केंद्रस्थानी असलेली स्त्री एकाच वेळी दोन मुलांची आई आणि वस्तीची आरोग्य स्वयंसेविका होती, आणि धाकट्या मुलाला गोवराची लस द्यायची की नाही या प्रश्नावर या दोन भूमिकांची जी ओढाताण झाली तीच येथे मांडायची आहे. तिच्याशी झालेल्या संभाषणांच्या नोंदींवरून हे लेखन केले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले असून कुटुंबातील माणसांचा उल्लेख घरातल्या हाकेनेच केला आहे. टागालोग भाषेत थोरल्या बहिणीला ‘आते’ म्हणतात (आपल्या कानाला ती आत्या वाटते, पण नाते वेगळे आहे), शेंडेफळाला ‘बुन्सो’ आणि आजीला ‘लोला’.

पार्श्वभूमी

फिलिपाइन्समधील सर्वांत लहान प्रशासकीय घटक म्हणजे बारांगाय. बारांगाय पातळीवरच्या आरोग्य स्वयंसेविका हा तेथील सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा पाया आहे. त्यांना मान्यता आणि काही सवलती देणारा प्रजासत्ताक कायदा क्रमांक ७८८३ हा १९९५ सालचा आहे. साधारण वीस घरांमागे एक स्वयंसेविका असावी अशी अपेक्षा असते आणि मिळते ते वेतन नव्हे, मानधन. आपल्याकडील आशाताईंना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

ही स्त्री २०१२ पासून हे काम करीत होती. तिचा नवरा मालवाहू जहाजावर खलाशी होता. आठ-नऊ महिन्यांचा करार संपला की तो घरी येई आणि पुढच्या जहाजाचा निरोप येईपर्यंत राही. अशा घरांत सणवार, वाढदिवस, बाप्तिस्मा हे सारे पंचांग पाहून ठरत नाही, जहाजाच्या तारखा पाहून ठरते. रत्नागिरीकडच्या ज्या घरांतली माणसे बोटीवर जातात, त्यांनाही हे ठाऊक आहे.

आतेचा जन्म ऑक्टोबर २००६ मधला. एप्रिल २०१६ मध्ये फिलिपाइन्स सरकारने महानगर मनिला, मध्य लुझॉन आणि कालाबार्झोन या तीन विभागांतील सरकारी शाळांत डेंग्यूविरोधी ‘डेंगव्हॅक्सिया’ लस देण्यास प्रारंभ केला. चौथीच्या वर्गातील, वय वर्षे ९ आणि त्यापुढील मुलांसाठी ही मोहीम होती आणि सहा-सहा महिन्यांच्या अंतराने तीन डोस द्यायचे होते. आपल्या वीस घरांत ही स्त्री स्वतः फिरली, संमतिपत्रांवर पालकांच्या सह्या घेतल्या, आणि जी आई कचरत होती तिला म्हणाली, “माझीच मुलगी पहिली उभी राहील.” आते खरोखरच पहिली उभी राहिली.

२९ नोव्हेंबर २०१७ रोजी लस बनविणाऱ्या सनोफी कंपनीने जाहीर केले की, ज्यांना पूर्वी कधीच डेंग्यू झालेला नाही अशांनी ही लस घेतली असेल, तर पुढे डेंग्यू झाल्यास आजार तीव्र होण्याचा धोका वाढू शकतो. डिसेंबरच्या आरंभी सरकारने मोहीम थांबवली, पण तोवर आठ लाखांहून अधिक मुलांना किमान एक डोस मिळालेला होता. त्यानंतर काही महिने दूरचित्रवाणीवर शवविच्छेदने, रडणाऱ्या आया आणि संसदीय चौकशी यांखेरीज दुसरे काही दिसत नव्हते. ‘लसी महत्त्वाच्या आहेत’ या विधानाशी ठामपणे सहमत असलेल्या फिलिपिनो नागरिकांचे प्रमाण २०१५ मध्ये ९३ टक्के होते, ते २०१८ मध्ये ३२ टक्क्यांवर आले.

या स्त्रीला ही बातमी आरोग्य केंद्रातून कळली नाही. ती घरी तांदूळ निवडत असताना टीव्हीवरून कळली. दुसऱ्या दिवशी शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, “सही तू घेतली होतीस.” काय उत्तर द्यायचे हे तिला कोणी सांगितलेले नव्हते, आणि तिचे काम पाहणाऱ्या, आरोग्य केंद्रातील मिडवाइफलाही (प्रसूतिसेविकेलाही) कोणी सांगितलेले नव्हते.

समस्या

मे २०१८ मध्ये बुन्सोचा जन्म झाला. जन्मतःच बीसीजी आणि हिपॅटायटिस-बीची लस टोचली गेली. त्यानंतर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांतील पेंटाव्हॅलंट (पाच रोगांविरुद्धची एकत्रित लस) आणि पोलिओचे डोस तिने चुकवले. चुकवले हा शब्द तिचाच आहे. विसरले असे म्हणण्याची सोय तिला नव्हती, कारण त्या डोसांची नोंदवही तीच भरीत असे.

लाभार्थी बालकांच्या त्या रुंद नोंदवहीत प्रत्येक बाळासमोर चौकोनांची ओळ असते आणि डोस दिला की त्यात तारीख लिहितात. तिच्या अक्षरात शेजारच्या मुलांच्या ओळी भरत गेल्या. बुन्सोच्या ओळीत जन्माच्या दोन तारखांपुढे कोरा कागद होता. दर बुधवारी, जो त्या देशात लसीकरणाचा ठरलेला वार आहे, ती इतर बाळांना वजनकाट्यावर ठेवी आणि स्वतःचे बाळ लोलापाशी घरी ठेवून येई.

मिडवाइफने ही कोरी ओळ पाहिली होती. सात महिने ती पाहत होती आणि बोलली नाही. फिलिपिनो समाजात ‘हिया’ नावाची एक भावना फार बलवत्तर आहे. तिला लाज म्हटले तर कमी पडते, भीड म्हटले तर जवळ जाते. ज्या बाईने २०१७ च्या डिसेंबरात वस्तीच्या शिव्या खाल्ल्या, तिला तिच्याच मुलाबद्दल विचारायचे कसे, या भिडेपोटी मिडवाइफ गप्प राहिली. माझ्या मते या प्रकरणातील पहिला निर्णय हाच होता, आणि तो न बोलता घेतला गेला.

६ फेब्रुवारी २०१९ रोजी महानगर मनिलात गोवराचा उद्रेक जाहीर झाला आणि दुसऱ्याच दिवशी लुझॉन आणि विसायास या बेटांवरील आणखी विभागांची त्यात भर पडली. (त्या वर्षात देशभर ४० हजारांहून अधिक रुग्ण आणि ५०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले, त्यांत बहुतांश लहान मुले होती.) सहा महिन्यांपुढील सर्व लहान बालकांना डोस देण्याच्या सूचना आल्या. बुन्सो नऊ महिन्यांचा झाला होता. त्याच्या आईला पुन्हा घरोघर जायचे होते, आणि ती गेलीही. फक्त या वेळी “माझे मूल पहिले” हे वाक्य तिच्या तोंडून निघाले नाही.

बाप्तिस्मा

नवरा जानेवारीत घरी आला होता आणि ५ मार्चला त्याला निघायचे होते. म्हणून बाप्तिस्मा रविवार, १७ फेब्रुवारीला ठरला. सकाळी चर्च, दुपारी घरी जेवण. पाहुण्यांसाठी गल्लीत ताडपत्री लावली होती, पान्सित (नूडल्स) आणि लुम्पिया (तळलेले रोल) शेजारणींनी मिळून केले होते, आणि भाड्याने आणलेले व्हिडिओके (कराओके) यंत्र संध्याकाळपर्यंत गात होते. उद्रेक जाहीर झालेला असताना इतकी मुले एकत्र आणावीत का, हा प्रश्न तिच्या मनात आला होता. परंतु ज्या बापाने मुलाचे पहिले हसू फोनवर पाहिले त्याच्याविना बाप्तिस्मा करायचा, ही कल्पनाच घरात कोणाला सुचली नाही.

बाप्तिस्म्याला निनोंग आणि निनांग, म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता, एकाहून अधिक असतात, आणि ते बाळाला पाकिटातून जे पैसे देतात त्यांना ‘पाकिमकिम’ म्हणतात. कोणी किती दिले, कोण कोणाबरोबर आले, हे लोलाने एका शाळकरी वहीत लिहून ठेवले होते. आपल्याकडील आहेराची वही ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लिखाण कशासाठी असते हे कळेल: परतफेडीची वेळ आली की आकडा चुकू नये. निनांगांमध्ये मिडवाइफचेही नाव होते.

मंगळवार, १९ तारखेला रात्री आठच्या सुमारास रिझाल प्रांतातून आलेल्या चुलत जावेचा मेसेंजरवर फोटो आला. तिची चार वर्षांची मुलगी रविवारी तापाने मरगळलेली होती आणि तिचे डोळे लाल होते. जाव म्हणाली होती, उन्हात प्रवास झाला म्हणून. आता फोटोत कानामागून आणि केसांच्या कडेने उतरून पुरळ गालांवर आले होते. खाली एवढाच प्रश्न होता: “हे तिगदास आहे का गं?” तिगदास म्हणजे गोवर.

पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून गोवराचा रुग्ण संसर्ग पसरवतो. म्हणजे रविवारी ती मुलगी पूर्णपणे संसर्गजन्य होती, आणि जेवणानंतर तासभर बुन्सो तिच्याच मांडीवर होता.

पर्यायांचा विचार

गोवराच्या संपर्कात आलेल्या बालकाला ७२ तासांच्या आत लस दिली, तर आजार टळण्याची किंवा सौम्य होण्याची चांगली शक्यता असते. रविवारी दुपारपासून मोजले तर बुधवारी दुपारी बारापर्यंतचा वेळ हाती होता, म्हणजे सोळा तास. योगायोगाने दुसरा दिवस बुधवारच होता.

लोलाचे मत स्पष्ट होते. गोवर आत दबू नये, तो अंगावर पूर्ण उमटू द्यावा, मुलाला आंघोळ घालू नये आणि कुलांत्रो म्हणजे कोथिंबिरीचे पाणी द्यावे. (कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवणाऱ्या आपल्या आज्यांनी या सल्ल्याला मान डोलावली असती.) तिच्या मते निरोगी मुलाला आता टोचणे म्हणजे दोन संकटे एकत्र बोलावणे होते. नवऱ्याला खासगी बालरोगतज्ज्ञाकडे जायचे होते, पैसे पडले तरी चालतील, कारण ‘सरकारी’ या शब्दावरचा त्याचा विश्वास २०१७ मध्येच उडाला होता. पण तो डॉक्टर बुधवारी दुपारी तीननंतर बसत असे. काही न करता मुलाला चौदा दिवस घरात ठेवणे, हा तिसरा मार्ग होता. तो सर्वांत सोपा होता, आणि रात्री नऊ वाजेपर्यंत तिचा कल त्याकडेच होता, हे ती लपवत नाही.

एक गोष्ट मात्र तिला टाळता येत नव्हती. मांडवात पाच वर्षांखालची इतर मुलेही होती. स्वतःच्या मुलाला न टोचता त्यांच्या दारात ती कोणत्या तोंडाने जाणार होती?

निर्णयाची रात्र

तिने मिडवाइफला फोटो पाठवला. मिडवाइफ दोन गल्ल्या सोडून राहत असे. ती साडेनऊला घरी आली, आणि तिने जे केले त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. ती बुन्सोकडे वळली नाही. चपला काढून ओट्याशेजारच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, “आधी आतेचं कार्ड दाखव.”

डेंगव्हॅक्सियाचे ते कार्ड आईने तांदळाच्या डब्यामागे एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले होते. तीन तारखा, तीन सह्या. मिडवाइफने त्या मोठ्याने वाचल्या आणि मग तिला जे ठाऊक होते ते सांगितले. आतेला लशीच्या आधी कधी डेंग्यू होऊन गेला असेल, तर लस तिला मदतच करील. होऊन गेला नसेल, तर पुढचा डेंग्यू जड जाण्याचा धोका थोडा जास्त आहे. या दोहोंपैकी खरे काय, हे आज सांगता येणार नाही. “तिला ताप आला की पहिल्याच दिवशी मला कळव. रात्रीचे दोन वाजले असतील तरी. मी स्वतः रुग्णालयात येईन.” आणि मग, “त्या वेळी मला जेवढं सांगितलं होतं तेवढंच मी तुम्हाला सांगितलं. मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.”

चौदा महिन्यांत या विषयावर कोणी अधिकारपदावरून “मी चुकले” म्हणाल्याचे तिने प्रथमच ऐकले.

आते जागी होती. बारा वर्षांची ती मुलगी दाराच्या पडद्याआडून पुढे आली आणि आईला म्हणाली, “माझ्या वेळी तू खूप खात्रीनं बोलायचीस. आता बुन्सोच्या वेळी बोलत का नाहीस?” आई सांगते की त्या प्रश्नात तक्रार होती की नुसते कुतूहल, हे तिला आजही ठरवता आलेले नाही. तिने उत्तर दिले नाही. मिडवाइफ तिच्याकडे पाहून म्हणाली, “परवापर्यंत मी तुझी मॅम होते, म्हणून त्या कोऱ्या ओळीबद्दल विचारायला धजले नाही. आता त्याची निनांग आहे. म्हणून विचारते, उद्या आणशील?”

निनांग होणे म्हणजे आईच्या पाठोपाठची आई होणे. रविवारी चर्चमध्ये पाद्रींसमोर हे मान्य झालेले होते, त्यामुळे त्या नात्याने विचारलेल्या प्रश्नाला लोलानेही आडकाठी केली नाही. नवऱ्याने एकच विचारले, ही लस नवीन आहे का. मिडवाइफने लोलाला विचारले की तिच्या मुलाला, म्हणजे त्यालाच, लहानपणी गोवराची लस दिली होती का. लोलाला आठवत होते: दिली होती, आणि दंड दोन दिवस दुखत होता.

रात्री साडेदहाला त्यांनी पाकिमकिमची वही उघडली.

प्रत्यक्ष कृती

वहीत सत्तेचाळीस नावे होती. लोला नावे वाचत गेली, कोणाच्या कडेवर किती मुले होती हे आठवत गेली, आणि मिडवाइफने मागच्या कोऱ्या पानावर पाच वर्षांखालच्या मुलांची यादी केली. तेवीस मुले निघाली. त्यांपैकी नऊ जणांना गोवराचा एकही डोस मिळालेला नव्हता, आणि त्यांत एक बाळ पाच महिन्यांचे होते.

लोकांना काय सांगायचे, यावर बराच वेळ गेला. रुग्ण मुलीचे नाव घेतले तर चुलत जावेचे घर कायमचे बदनाम होणार. नाव न घेता “कोणाला तरी” म्हटले तर लोक तर्क करीत बसणार. शेवटी आईने निरोप स्वतःवर घेतला: “आमच्या घरच्या जेवणात गोवराचा संसर्ग झाला आहे. बुन्सोला उद्या सकाळी आठ वाजता लस देणार आहोत. तुम्हीही मुलांना घेऊन या.” रात्री अकरापर्यंत ज्यांना फोन लागले त्यांना फोन केले, उरलेल्यांकडे पहाटे पाचला, बंदरावर लिलाव सुटायच्या वेळी, ती आणि नवरा चालत गेले. जावेला वेगळा फोन करून मुलीला अ-जीवनसत्त्वाच्या डोससाठी त्वरित केंद्रात नेण्यास आणि धाप लागली तर थेट रुग्णालय गाठण्यास सांगितले.

बुधवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी बुन्सोला लस दिली गेली. आईने त्याला रांगेत पहिला धरले होते, आणि तारखेचा चौकोन तिने स्वतः भरला. लसयोग्य आठ मुलांपैकी बुन्सो धरून सहा त्या सकाळी आली. दोघांना गुरुवारी डोस मिळाला, म्हणजे मुदत उलटल्यावर.

काय झाले

आठव्या दिवशी बुन्सोला ताप आला. लशीनंतर सात ते बारा दिवसांत असा ताप येऊ शकतो हे ती इतरांना शेकडो वेळा सांगत आलेली होती. त्या रात्री तिने दर अर्ध्या तासाने मोबाइलच्या उजेडात त्याचे कान उलटून पाहिले. पुरळ आले नाही. दोन दिवसांत ताप उतरला. बुधवारी लस घेतलेल्या सहांपैकी कोणालाही गोवर झाला नाही. गुरुवारच्या दोघांपैकी एकाला सौम्य स्वरूपात झाला. रिझालची मुलगी बरी झाली.

पाच महिन्यांच्या बाळाला मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुरळ उठले आणि त्यापाठोपाठ न्यूमोनिया झाला. रुग्णालयाच्या खाटांवर तेव्हा दोन-दोन मुले होती. बाळाला लागोपाठ दोन दिवस अ-जीवनसत्त्व दिले गेले, प्राणवायू लावला गेला, आणि अकरा दिवसांनी ते घरी आले. त्याची आई ही या स्त्रीची बालमैत्रीण होती. होती, असेच म्हणावे लागते.

ऑगस्ट २०१९ मध्ये फिलिपाइन्सने राष्ट्रीय डेंग्यू साथ जाहीर केली. त्या वर्षी देशात चार लाखांहून अधिक रुग्ण झाले. महिन्याच्या अखेरीस आतेला ताप आला. रात्रीचे दोन नव्हते, पहाटेचे चार होते, आणि मिडवाइफ आली. निदान डेंग्यूच होते, प्लेटलेट बऱ्याच खाली गेल्या, चार दिवस सलाईनवर काढल्यानंतर ती सुधारली. लस नसती तर आजार हलका झाला असता की जड, हे सांगण्याचा कोणताही मार्ग नाही, आणि डॉक्टरांनी तसा आव आणला नाही, याबद्दल ही स्त्री त्यांची ऋणी आहे. पुढच्याच महिन्यात, १९ सप्टेंबरला, १९ वर्षे पोलिओमुक्त असलेल्या देशात पोलिओचा उद्रेक जाहीर झाला. ऑक्टोबरच्या महानगर मनिलातील मोहिमेत घरोघर थेंब पाजताना तिने पुन्हा “माझ्या मुलाने घेतले” असे म्हणायला सुरुवात केली. तोवर बुन्सोची ओळ भरत आली होती.

वेगळे काय करता आले असते

पाच महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत त्या रात्री “लसीचे वय नाही” एवढे म्हणून सगळे पुढच्या नावाकडे वळले. संपर्कानंतर सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) देण्याचा पर्याय अशा बाळांसाठी असतो; शनिवारपर्यंत मोठ्या रुग्णालयात निदान विचारणा करता आली असती. तो पर्याय यादी करणाऱ्या तिघांपैकी कोणाच्याच डोक्यात आला नाही. जे करता येत होते त्याची घाई इतकी होती, की जे विचारायला हवे होते ते राहून गेले.

आमंत्रणाच्या वेळी “मुलाला ताप असेल तर आणू नका” एवढे वाक्य पुरले असते. तिच्या मते ते फिलिपिनो घरात बोलणे शक्य नव्हते. मला ते पूर्ण पटत नाही. तेच वाक्य निनांग असलेल्या मिडवाइफच्या तोंडी शोभले असते, आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी उद्रेक जाहीर होऊन अकरा दिवस झालेले होते.

सर्वांत जुनी चूक डिसेंबर २०१७ मधली आहे. मोहीम थांबली त्या दिवशी, जिच्या शब्दावर सह्या झाल्या तिला एक पानभर माहिती आणि एक फोन क्रमांक मिळायला हवा होता. तिने लस नाकारली ती अज्ञानापोटी नव्हे. एकदा तिच्या खात्रीची किंमत तिच्या मुलीला मोजावी लागेल की काय, या धास्तीने दुसऱ्या मुलाच्या बाबतीत खात्री बाळगायचीच नाही असे तिने ठरवले होते. अशा आईला गोवराची आकडेवारी ऐकवून उपयोग नसतो, आणि मिडवाइफने ती ऐकवलीही नाही. ती आधी थोरल्या मुलीच्या कार्डाशी बसली. तेच ती सात महिने आधी करू शकली असती का, असे विचारल्यावर मिडवाइफ म्हणाली होती, “करू शकले असते. मला वाटलं, तिनं आधी बोलावं.” या स्त्रीलाही नेमके हेच वाटत होते, की मॅमनी आधी बोलावे.

त्यानंतर

ऑक्टोबर २०२४ मध्ये आते अठरा वर्षांची झाली. मुलीच्या अठराव्या वाढदिवसाला, म्हणजे ‘देबू’ला, अठरा पुरुष गुलाब देऊन तिच्याशी नाचतात आणि अठरा स्त्रिया मेणबत्ती लावून तिच्यासाठी दोन शब्द बोलतात. बाप त्या वेळी समुद्रावर होता, म्हणून पहिला गुलाब सहा वर्षांच्या बुन्सोने दिला. मेणबत्त्यांत एक मिडवाइफची होती. एक आईने आपल्या बालमैत्रिणीसाठी राखून ठेवली होती आणि तसा निरोपही पाठवला होता. ती आली नाही. संध्याकाळी तिच्या थोरल्या मुलाच्या हाती एक पाकीट आले, आणि लोलाने त्यातली रक्कम जुन्याच वहीत, मुलांची यादी केलेल्या पानाच्या पुढच्या पानावर लिहून ठेवली.